शल्यकर्मोत्तर गृहविश्रांती आणि निद्राश्वासरोध : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी काही विचार

शल्यकर्मानंतर रुग्णाला रुग्णालयात ठेवण्याचा कालावधी गेल्या काही वर्षांत झपाट्याने कमी झाला आहे. दुर्बिणीद्वारे केलेल्या पित्ताशयाच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दुसऱ्या दिवशी, कित्येकदा त्याच सायंकाळी घरी परततो. खर्च वाचतो, संसर्गाचा धोका घटतो, आपल्या माणसांत रुग्ण लवकर सावरतो, हे सर्व मान्यच आहे. परंतु पूर्वी ज्या रात्री परिचारिकेच्या देखरेखीखाली जात, त्या आता पत्नीच्या, मुलाच्या वा सुनेच्या देखरेखीखाली जातात. त्या रात्री काही शंका आल्यास पहिला दूरध्वनी शल्यविशारदाला जात नाही. तो जातो घराजवळच्या वैद्याला किंवा कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराला. म्हणूनच हा विषय भूलतज्ज्ञांचा म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्या क्षेत्रातील शल्य व शालाक्य पदव्युत्तरांना नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने ५८ शल्यकर्मांची नावनिशीवार मान्यता मिळाली. त्यामुळे क्षारसूत्र, अर्श, भगंदर, आंत्रवृद्धी यांचे रुग्ण आपल्याच रुग्णालयांतून आपल्याच सल्ल्याने घरी जात आहेत. शस्त्र चालविण्याचा अधिकार मिळाला की शस्त्रानंतरच्या रात्रीचे उत्तरदायित्वही आलेच.

व्याधीचे स्वरूप

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जिभेचा मूळभाग व मऊ टाळू मागे सरकतात आणि वरचा श्वासमार्ग अरुंद होतो. अरुंद मार्गातून हवा जाताना जो कंप निर्माण होतो ते घोरणे. मार्ग पूर्णच मिटला की छाती व पोट श्वासासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. अशी स्थिती १० सेकंद वा त्याहून अधिक टिकली की तिला अ‍ॅप्निया म्हणतात. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास येतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. तासाभरात असे पूर्ण वा अंशतः अवरोध किती होतात त्यावरून तीव्रता ठरते : ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. तीव्र अवस्थेत रुग्णाचा श्वास सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा अडखळतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. तो फक्त सांगतो की झोप झाली तरी अंग जड वाटते.

आपल्या ग्रंथांत या अवस्थेची खूण नाही असे नाही. सुश्रुत सूत्रस्थानाच्या १५ व्या अध्यायात मेदोवृद्ध पुरुषाची लक्षणे सांगताना क्षुद्रश्वास, स्वप्न व गात्रसाद यांच्याबरोबर 'क्रथन' हा शब्द येतो. माधवनिदानातही मेदोरोगात तो आला आहे. अकस्मात होणारा श्वासाचा अवरोध असा त्याचा अर्थ केला जातो. अतिनिद्रा, क्षुद्रश्वास व क्रथन यांची एकत्र नोंद करणारा निरीक्षक रुग्णाच्या शय्येजवळ बसला असला पाहिजे, असे वाटल्याशिवाय राहत नाही. मात्र यावरून 'हे सर्व आम्हाला ठाऊकच होते' असा डांगोरा पिटणे मला मान्य नाही. लक्षण नोंदले गेले. घसा मिटतो हे यांत्रिक कारण आणि तो उघडा ठेवण्याचा उपाय नंतर आला. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये नाकावाटे अखंड दाबाची हवा देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिलाच आज आपण सीपॅप म्हणतो. दाबाची हवा घशाच्या भिंतींना आतून आधार देते, जसा पडक्या भिंतीला टेकू.

एक गैरसमज मात्र येथेच दूर करावयास हवा. हा व्याधी केवळ अतिस्थूलांचा नाही. हनुवटी मागे असलेले, जबडा लहान असलेले, नाक वाकडे असलेले कृश रुग्णही यात सापडतात. आपल्याकडील लोकांत पाश्चात्यांच्या तुलनेने कमी वजनातही तो आढळतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत प्रमाण वाढते, पण 'बाई माणूस घोरते' हे सांगण्यास कुटुंबीय संकोचतात व इतिहास लपतो.

शल्यकर्मानंतर धोका का वाढतो

याचे उत्तर एका कारणात नाही. भुलीच्या औषधांचा अंश काही तास शरीरात राहतो. अफूवर्गीय वेदनाशामके श्वसनकेंद्राला मंद करतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे श्वास अडखळल्यावर मेंदूने जागे होण्याची जी उपजत संरक्षक क्रिया आहे, तीच बोथट होते. रोजच्या आयुष्यात या रुग्णाला मृत्यूपासून वाचविणारी गोष्ट म्हणजे त्याची वारंवार मोडणारी झोप. ती मोडेनाशी झाली की धोका. घशात नळी घातली असल्यास तेथे सूज असते. शिरेवाटे दिलेले द्रव आडव्या स्थितीत मानेकडे सरकते व मार्ग आणखी अरुंद करते. शिवाय जखमेच्या वेदनेमुळे रुग्ण कुशीवर वळू शकत नाही, उताणाच निजतो, आणि उताण्या स्थितीत जीभ मागे पडते.

तिसऱ्या रात्रीबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे अवश्य आहे. शल्यकर्मानंतरच्या पहिल्या रात्री स्वप्नावस्थेची निद्रा, जिला आधुनिक शास्त्रात रेम निद्रा म्हणतात, जवळजवळ नाहीशी होते. पुढील रात्रींत शरीर ही उधारी वसूल करते व रेम निद्रा मोठ्या प्रमाणात परत येते. याच निद्रेत स्नायू सर्वाधिक शिथिल असतात, म्हणून अवरोधही सर्वाधिक होतात. टोरांटोच्या प्रा. फ्रान्सेस चुंग यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्वासरोधांची संख्या शल्यकर्मानंतरच्या तिसऱ्या रात्री कळसाला पोहोचल्याचे दिसले. व्यवहारात याचा अर्थ असा की, पहिली रात्र रुग्णालयात सुखरूप गेली, दुसरी घरी बरी गेली, सर्वजण निर्धास्त झाले, पहाऱ्याला बसलेला मुलगा कामावर परतला. आणि खरी काळजीची रात्र नेमकी तेव्हा येते.

माझ्याकडील एक उदाहरण सांगतो. चौपन्न वर्षांचे एक किराणा व्यापारी, मान आखूड, रक्तदाबाची गोळी सुरू, वर्षानुवर्षे घोरणारे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी घरी आले. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या पत्नीचा दूरध्वनी आला. "डॉक्टरसाहेब, आज हे घोरत नाहीत, म्हणून मला बरं वाटलं होतं. पण हाक मारली तर डोळे उघडतात आणि लगेच मिटतात. बोलणं अडखळतंय." घर जवळच असल्याने पाच मिनिटांत पोहोचलो. श्वास मिनिटाला सात. मोठ्याने हाक मारून बसते केले, हनुवटी उचलून धरली, तेव्हा श्वास सुधारला. रुग्णवाहिकेने तालुक्याच्या रुग्णालयात नेले आणि सकाळपर्यंत ते सावरले.

नंतर उशाशी असलेल्या औषधांची पिशवी पाहिली. ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी डिस्चार्ज कार्डावर दिवसातून दोनदा लिहिलेली होती. दुखते म्हणून चारदा घेतली गेली, आणि संपल्यावर दुसरी पट्टी दुकानातून तोंडी मागणीवर मिळाली. कंबरदुखीसाठी पूर्वीपासूनची प्रिगाबालिन सुरूच होती. 'झोप लागत नाही' म्हणून शेजाऱ्याकडची अल्प्राझोलाम दोन रात्री घेतली होती. जोडीला अशक्तपणासाठी अश्वगंधारिष्ट. चार ठिकाणची चार औषधे. प्रत्येकाने आपले औषध निरुपद्रवी मानले होते, आणि बेरीज कोणीच केली नव्हती. सहा आठवड्यांनी निद्रापरीक्षण झाले तेव्हा तासाला ४१ अवरोध आढळले. म्हणजे व्याधी शस्त्रक्रियेपूर्वीही तीव्रच होता.

पत्नीचे ते वाक्य मी अनेक कुटुंबांना सांगत असतो. घोरणाऱ्या माणसाचे घोरणे अचानक थांबणे ही प्रत्येक वेळी सुखाची बातमी नसते. आवाज थांबला की छाती पाहावी, आणि नाकापुढे हात धरून हवा लागते का ते पाहावे.

शल्यकर्मापूर्वी ओळख

निदान झालेले रुग्ण थोडे, न झालेले अनेक. म्हणून शल्यकर्माला जाणारा प्रत्येक प्रौढ रुग्ण आपल्याकडे आला की आठ प्रश्न विचारावेत. प्रा. चुंग यांनीच २००८ मध्ये मांडलेली स्टॉप-बँग प्रश्नावली ती हीच : मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा वा पेंग, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहणे, उच्च रक्तदाब, बीएमआय ३५ पेक्षा अधिक, वय ५० पेक्षा अधिक, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा अधिक आणि पुरुष असणे. प्रत्येक होकारास एक गुण. तीन-चार गुण म्हणजे मध्यम शक्यता, पाच वा अधिक म्हणजे मोठी शक्यता. कापडी टेप आणि दोन मिनिटे एवढेच साहित्य लागते. आपल्या लोकांत बीएमआय ३५ ची वाट पाहू नये, हे माझे मत. पोट सुटलेला, आखूड मानेचा रुग्ण २८ वरही संशयित मानावा. तिसरा प्रश्न रुग्णाला नव्हे, शेजारी निजणाऱ्याला विचारावा. रुग्ण स्वतः नेहमी 'मी घोरत नाही' असेच सांगतो.

शंका आल्यास शल्यविशारद व भूलतज्ज्ञ यांना चिठ्ठी द्यावी. शस्त्रक्रिया रद्दच करावी असे नाही. अमेरिकेतील सोसायटी फॉर अ‍ॅम्ब्युलेटरी अनेस्थेशिया या संस्थेने २०१२ मध्ये असे सुचविले की, सहव्याधी आटोक्यात असलेला व नंतर सीपॅप वापरू शकणारा रुग्ण त्याच दिवशी घरी जाण्यास योग्य ठरू शकतो. ज्याचे निदान केवळ प्रश्नावलीने झाले आहे, त्याच्या वेदना मुख्यतः अफूवर्गीय नसलेल्या औषधांनी आवरता येत असतील तर त्यालाही पाठविता येते. निर्णयाचा कणा वेदनाशमनाचा आहे, हे यातून स्पष्ट होते. आधीपासून सीपॅप वापरणाऱ्याने यंत्र, मुखवटा व दाबाची नोंद रुग्णालयात बरोबर न्यावी. 'ऑपरेशनपुरते राहू दे' ही सूट सर्वांत घातक.

औषधांची बेरीज

पॅरासिटामॉल नियमित वेळेवर, आणि वृक्क, आमाशय व रक्तस्राव यांचा विचार करून दाहशामक, हा पाया असावा. 'दुखले तर घ्या' या पद्धतीत रुग्ण दुखणे असह्य होईपर्यंत थांबतो व मग तीव्र औषध मागतो; त्यापेक्षा ठरावीक वेळी घेतलेले सौम्य औषध बरे. सर्दीच्या व अंगदुखीच्या संयुक्त गोळ्यांतूनही पॅरासिटामॉल जाते, ते धरून प्रौढात दिवसाचे एकूण प्रमाण ४ ग्रॅमच्या आत ठेवावे. यकृतविकार वा मद्यपान असल्यास आणखी कमी. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन यांपैकी काही अटळ असेल तर अल्पतम मात्रा, अल्पतम दिवस, आणि शक्यतो झोपण्याच्या तोंडावर नव्हे.

यांच्याबरोबर झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या देऊ नयेत. अफूवर्गीय औषधे व बेंझोडायझेपीन यांच्या एकत्र वापराविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापावयास लावला. गॅबापेंटिन व प्रिगाबालिन यांच्याबाबत श्वसनमंदतेचा इशारा डिसेंबर २०१९ मध्ये आला. आपल्याकडे मात्र प्रिगाबालिन-मिथाइलकोबालामिनची गोळी 'नसांचे व्हिटॅमिन' म्हणून सर्रास खपते. खोकल्याच्या औषधातील क्लोरफेनिरामीनही पेंग आणते, हे ध्यानी असावे.

आता आपल्या पेटीकडे वळू. अनुभव असा आहे की, शल्यकर्मानंतर झोप नाही म्हणून रुग्ण आपल्याकडे येतो ते 'आयुर्वेदिक म्हणजे बाधणार नाही' या विश्वासाने. तो विश्वास टिकविणे आपल्या हाती आहे. तगर, जटामांसी, सर्पगंधा, पारसीक यवानी, विजया ही निद्राजनक वा शामक द्रव्ये होत. झोप आणणारे द्रव्य वनस्पतीतून आले म्हणून श्वसनमार्गाचे स्नायू ताठ राहत नाहीत. अफूवर्गीय औषध सुरू असेपर्यंत आणि निदान पहिला आठवडा उलटेपर्यंत संशयित रुग्णास ही द्रव्ये देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्पगंधेचे प्रकरण दुहेरी आहे. रक्तदाबावरील तिच्या उपयोगाकडे मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगाचे लक्ष वेधले; त्या गुणामुळेच भुलीच्या व रक्तदाबाच्या औषधांबरोबर ती दाब अधिक उतरवू शकते. शिवाय नाक चोंदणे हा रिसर्पीनचा परिचित दुष्परिणाम, आणि चोंदलेल्या नाकाने सीपॅप सहन होत नाही. सर्पगंधा घेणाऱ्याने ते भूलतज्ज्ञास आधीच सांगितले पाहिजे.

सहज नजरेआड होणारा धोका अतिसाराच्या औषधांत आहे. प्रतिजैविकांनी पोट बिघडले की वैद्याकडून कर्पूर रस दिला जातो. त्यात अहिफेन आहे. जातीफलादी चूर्णात भंगा आहे. रुग्णाला ट्रॅमाडॉल सुरू असताना कर्पूर रस देणे म्हणजे अफूवर अफू. अहिफेन, भंगा, पारसीक यवानी, धत्तूर ही द्रव्ये औषध नियमांच्या शेड्यूल ई-१ मध्ये आहेत आणि ती असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती सूचना वाचण्यासाठीच आहे. अशा वेळी कुटजघन वटी, बिल्व, मुस्ता आणि मुख्य म्हणजे जलसंजीवनी एवढ्याने बहुधा भागते; न भागल्यास कारण शोधावे.

आसवारिष्टांत स्वयंजनित मद्य असते. वीस मिलीलिटर दशमूलारिष्टातील मद्य अल्प आहे हे मान्य. पण शक्ती यावी म्हणून घरोघरी माप न पाहता अर्धी वाटी ओतली जाते. पहिल्या आठवड्यात त्याच द्रव्यांचा क्वाथ वा चूर्ण योजावे. जायफळ उगाळून दूध देणे ही आजीची रीत चिमूटभर मात्रेत चालेल. झोप यावी म्हणून अख्खे जायफळ देणारेही मी पाहिले आहेत, ते मात्र थांबवावे.

वैद्याचे खरे काम अन्यत्र आहे. अफूवर्गीय औषधांनी मलावष्टंभ होतो, कुंथण्याने टाके दुखतात, दुखण्याने पुन्हा तेच औषध लागते. शल्यविशारदाच्या संमतीने केलेले मृदू अनुलोमन हे दुष्टचक्र तोडते. रात्रीचे जेवण हलके व निजण्यापूर्वी दोन-तीन तास आधी घ्यावे. डिंकाचे, साजुक तुपाचे लाडू महिनाभर थांबले तरी बिघडत नाही. नस्य व सीपॅप यांचा मेळ घालू नये : नाकात तेल वा तूप घालून लगेच दाबाची हवा दिल्यास स्नेहाचे कण फुप्फुसात जाण्याची भीती असते. घरी ऑक्सिजन सुरू असेल तर चेहऱ्यावर तेल वा व्हॅसलीन लावू नये, ते ज्वलनाच्या दृष्टीनेही धोक्याचे. आणि हे निःसंदिग्धपणे सांगावयास हवे की, मध्यम वा तीव्र श्वासरोधात कोणतेही चूर्ण वा वटी सीपॅपची जागा घेत नाही. कफमेदोहर चिकित्सा दीर्घकाळासाठी आहे. तिसऱ्या रात्रीसाठी नाही.

शय्या, यंत्र व पहारा

सुश्रुतांनी व्रणितोपासनीय अध्यायात व्रणिताला दिवास्वप्न वर्ज्य सांगितले. त्यांची कारणे शोथ, स्राव व वेदना ही होती. आपल्या रुग्णात आणखी एक कारण जोडता येते. दुपारी आरामखुर्चीत, मान पुढे झुकवून, यंत्राविना लागलेली डुलकी ही रात्रीइतकीच जोखमीची असते. सीपॅप हे रात्रीचे नव्हे, झोपेचे यंत्र आहे. डोळा लागणार असे वाटले की मुखवटा चढलाच पाहिजे, मग दुपार असो वा पाहुणे बसलेले असोत.

शय्येचा डोक्याकडचा भाग सुमारे ३० अंश उंच असावा. त्यासाठी उशांचा ढीग रचू नये. उशांनी मान पुढे वाकते व घसा आणखी दाबला जातो. पाठीपासून आधार देणारा तिरका टेकू घ्यावा. तो नसल्यास पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवाव्यात. जेवढा चढ मिळेल तेवढा उपयोगीच. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटाशी उशी धरून कुशीवर वळता येते. खुब्याच्या शस्त्रक्रियेत मात्र शल्यविशारदास विचारल्याविना कूस बदलू नये.

कण्यातून भूल दिलेल्या रुग्णाला चोवीस तास उशीशिवाय सपाट निजविण्याची प्रथा अनेक ठिकाणी, आपल्या अर्श-भगंदराच्या रुग्णांतही, अजून पाळली जाते. सपाट निजल्याने त्या भुलीनंतरची डोकेदुखी टळते असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. श्वासरोधाच्या रुग्णाला तर ही सक्ती अपायकारकच. भूलतज्ज्ञाशी बोलून ती शिथिल करून घ्यावी.

यंत्राविषयी थोडे. दाब वैद्यकीय सल्ल्याने ठरलेला असतो. 'वारा फार येतो' म्हणून घरी कमी करू नये. आर्द्रकात ऊर्ध्वपातित पाणी रोज बदलून घालावे, मुखवटा सौम्य साबणाने धुवावा. नाक, सायनस वा कवटीच्या तळाशी शस्त्रक्रिया झाली असल्यास शल्यविशारदाच्या अनुज्ञेविना यंत्र लावू नये. भारनियमनाच्या गावी इन्व्हर्टरची सोय शस्त्रक्रियेच्या आधी पाहावी. आर्द्रक बंद ठेवल्यास वीज बरीच वाचते. वीज गेली आणि यंत्र थांबले तर मुखवटा काढून ठेवावा, रुग्णाला जागे करून उंच बसवावे. जुने यंत्र कोणाकडून घेत असाल तर एक चौकशी अवश्य करावी : फिलिप्स रेस्पिरॉनिक्स कंपनीने जून २०२१ मध्ये आतील आवाजरोधक फोम विघटित होण्याच्या शक्यतेमुळे आपली लक्षावधी यंत्रे परत मागविली. त्यांपैकी दुरुस्त न झालेले यंत्र आपल्या रुग्णाच्या उशाशी नको.

पहारा देणाऱ्याला काय पाहावयाचे ते कागदावर लिहून द्यावे. पहिले, जाग. हाक मारल्यावर रुग्ण डोळे उघडून एक पूर्ण वाक्य बोलतो का? वाढती गुंगी ही श्वास मंदावण्याच्या आधीची खूण असते, म्हणून तीच प्रथम. दुसरे, श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावेत. प्रौढात १२ ते २० अपेक्षित. दहाच्या खाली आल्यास जागे करून डॉक्टरांना कळवावे. आठच्या खाली, किंवा ओठ निळसर, किंवा जाग न येणे, यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांक. तोवर रुग्णाला उंच बसवावे, बसविता न आल्यास कुशीवर घेऊन हनुवटी उचलून धरावी, सतत बोलते ठेवावे आणि पुढची कोणतीही गोळी देऊ नये. श्वास थांबलाच तर छातीवर दाब देण्याची क्रिया सुरू करावी. ती क्रिया आपल्या प्रत्येक चिकित्सालयातील मदतनिसाला यावी.

करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर उपयोगी आहे, पण त्यावर विसंबू नये. थंड बोट, नखरंग, काळी मेंदी यांनी आकडा फसतो. बाहेरून ऑक्सिजन सुरू असेल तर आकडा ९६ दाखवीत असताना रक्तात कर्बवायू साठत जाऊ शकतो. रुग्ण गाढ गुंगीत आणि यंत्र हिरवे, अशा वेळी रुग्णावर विश्वास ठेवावा, यंत्रावर नव्हे. हा पहारा पहिल्या तीन-चार रात्री पाळीपाळीने आणि अफूवर्गीय औषध असेपर्यंत चालावा. श्वासाची घडी पूर्ववत बसण्यास साधारण आठवडा धरावा.

मुलांविषयी

मोठ्या गलग्रंथी व नाकामागील ग्रंथी हे मुलांतील श्वासरोधाचे प्रमुख कारण, आणि शस्त्रक्रियेने पुष्कळदा तो बराही होतो. पण त्याच रात्रीपासून नव्हे. सुजेमुळे पहिले काही दिवस अवरोध वाढू शकतो. काही मुलांच्या यकृतात कोडीनचे मॉर्फीनमध्ये रूपांतर अतिवेगाने होते व नेहमीची मात्राही जीवघेणी ठरते. अमेरिकी प्रशासनाने २०१३ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर कोडीन देण्याविरुद्ध इशारा दिला. २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांत कोडीन व ट्रॅमाडॉल, आणि या शस्त्रक्रियेनंतर १८ वर्षांखाली ट्रॅमाडॉल, निषिद्ध ठरविले. मुलाच्या घशातील ग्रंथी नुकत्याच काढल्या आहेत हे कळल्यावर कोडीनचे खोकल्याचे औषध कपाटातून काढूच नये.

औषध दुकानातील टेबलापाशी

ट्रॅमाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम, झोलपिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठी हवी, नोंदवहीत नाव हवे, नोंदवही तीन वर्षे जपावयाची. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थ व मनःप्रभावी द्रव्ये कायद्याखालीही आले. कायदा आहे म्हणून तर पाळावाच. पण दुकानदाराच्या हाती कायद्यापलीकडची एक गोष्ट आहे. वर सांगितलेली चार ठिकाणची चार औषधे एकत्र दिसण्याची संधी बहुधा त्यालाच मिळते. शल्यकर्माची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत : रुग्ण घोरतो का, झोपेची वा नसांची दुसरी गोळी चालू आहे का, वैद्याचे काही औषध आहे का. एका प्रश्नाचे उत्तर 'हो' आल्यास चिठ्ठीवरील क्रमांकावर दूरध्वनी करावा. उरलेली पट्टी आठवडाभराने परत आणण्यास सांगावे. कपाटात राहिलेली ट्रॅमाडॉल पुढच्या पाहुण्याच्या डोकेदुखीला दिली जाते.

टाके निघाले, व्रण भरला, रुग्ण कामाला लागला की श्वासरोधाचा विषय विस्मरणात जातो. ज्यांचे निदान केवळ प्रश्नावलीवर झाले होते त्यांचे निद्रापरीक्षण साधारण सहा आठवड्यांनी, अफूवर्गीय औषधे पूर्ण थांबल्यावर करून घ्यावे. घरी एका रात्रीत होणारी चाचणीही बहुतेकांना पुरते. अहवालाची प्रत रुग्णाच्या फाइलमध्ये ठेवावी आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहावे : 'झोपेत श्वास अडतो. भूल देण्यापूर्वी पाहावे.'